बिनऔषधाची दोन तळी

आमच्या घरात मी भासऱ्यांशी बोलत नव्हते. भांडण काही नव्हतं, रीत होती. नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्यासमोर खुर्चीत बसायचं नाही आणि थेट बोलायचं नाही. सेलूच्या बाजारात नव्या सुना स्कूटीवर फिरतात, त्यांच्या घरांतून ही रीत केव्हाच गेली. आमच्याकडे ती टिकून राहिली, कारण रीत मोडायचं काम कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं आणि तेवढी गरज कुणालाच पडली नव्हती. भासऱ्यांना चहा हवा असला की ते अंगणातल्या कडुनिंबाला सांगायचे, "घरात कोनी चहा ठेवत असन तर मले अर्धा कप." मी आतून जाऊबाईंना म्हणायची, "साखर घालू का, विचारा त्याईले." जाऊबाई विचारायच्या, ते निंबाला उत्तर द्यायचे. माणसं चांगली असली की असल्या कारभारातही संसार चालतो.

भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा शेतं वेगळी झाली, पण शेततळी त्यांनी शेजारी शेजारीच खोदली. वर भासऱ्यांचं, त्याच्या उताराला आमचं, आणि मधल्या बांधातून एक जाड पाइप. वरचं भरलं की पाणी खालच्यात यावं म्हणून. तळी केली ती कापसाला आणि चण्याला पाणी द्यायला. मासे नंतर आले. रोहू, कतला आणि काही वर्षांपासून पंगस, कारण तो लवकर वाढतो. माझ्या नवऱ्याला पाण्याचं वेड आहे. बोर धरणाच्या कालव्यात डुंबण्यात त्याचं लहानपण गेलं. जाळं कसं ओढायचं ते तो नदीवरच्या ढिवर मंडळींकडून शिकला, आणि मग दोन्ही तळ्यांत तोच उतरू लागला. भासऱ्यांना पोहता येत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

आम्ही कापूसवाले लोक. माशांनाही आम्ही कपाशीसारखंच वागवलं. कपाशीत शेजाऱ्याचा फवारणीचा पंप सुरू झाला की आपणही पंप पाठीला लावायचा, नाहीतर तिकडची कीड उठून आपल्याकडे येते. पिकावर काही दिसतं आहे की नाही हे बघायला थांबायचं नाही. तळ्याचंही तेच झालं. कोंबड्यांच्या औषधाच्या दुकानातून एक पिवळी पूड मिळायची. भासरे ती आणायचे, अर्धी आम्हाला द्यायचे. गुळाच्या पाण्यात ती कालवायची, ते पाणी खाद्याला चोळायचं आणि सावलीत वाळवून तळ्यात फेकायचं. मासा आजारी असो की धडधाकट, वरच्या तळ्यात पडलं की खालच्यात पडलंच पाहिजे. विकायला काढायच्या आधी आणखी एकदा, म्हणजे मासा बाजारात तरतरीत दिसतो. आणि तरीही मेलेच, तर पुडीचं माप दुप्पट. गुळाचं पाणी मी करायची. ते औषध आहे आणि औषध वाईट असत नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आता त्यावर ऊर बडवत बसायला मला वेळ नाही.

एका उन्हाळ्यात मासे काढताना पंगसचा काटा नवऱ्याच्या उजव्या हातात घुसला. पंगसला कल्ल्यामागे दोन्ही बाजूंना दातेरी काटा असतो. मासा जाळ्यात तडफडला आणि तो काटा अंगठ्याच्या बुडाशी रुतला. असे काटे त्याला पूर्वीही लागले होते. हळद भरली, चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी तळहात फुगला. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग सुया दिल्या, आणि सूज मनगट सोडून कोपराकडे निघाली. अंगात ताप, डोळे लाल, आणि तोंडाने एकच, "काई नाई, उतरन." उतरलं काहीच नाही. हाताची कातडी काळपट दिसायला लागली तेव्हा मी कुणाला न विचारता ऑटो बोलावला आणि त्याला वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे हात चिरून पू काढला. तो तपासायला पाठवला, आणि तपासणीचा रिपोर्ट आल्यावर सलाइनमधलं औषध बदललं. त्या नव्या औषधाने ताप उतरला. आम्हाला बघायला येणारी डॉक्टर तरुण होती, बोलायला मोकळी. तिने नवऱ्याला विचारलं, "तळ्यात काय टाकता, काका?"

"काई नाई. खाद्य."

मी पलंगाच्या मागून म्हणाले, "आनि ते पिवळं औषध."

तिने औषधाचं नाव विचारलं, मी सांगितलं. तिने खुर्ची ओढली आणि नीट समजावून सांगितलं. हातात जे जंतू सापडले होते त्यांच्यावर ते पिवळं औषध काम करत नव्हतं, आणि गावात दिलेल्या सुयाही नव्हत्या करत. हे जंतू तुमच्याच तळ्यातले, असं मी शपथेवर सांगू शकत नाही, असंही ती म्हणाली. पण पाण्यात थोडं थोडं औषध पडत राहिलं की मरणारे जंतू मरतात, न मरणारे उरतात, आणि मग त्यांचीच पैदास होते.

मला हे कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती. गुलाबी बोंडअळीचं आम्ही हेच पाहिलं होतं. जी फवारणी आधी अळीला लोळवायची तीच पुढे तिला पाण्यासारखी वाटायला लागली, आम्ही औषधात औषध मिसळत राहिलो आणि बोंडं फोडली की आत ती मजेत बसलेली. मी म्हणाले, "बोंडअळीसारखं."

"अगदी तसंच," ती म्हणाली. तिच्या वडिलांकडेही कापूस होता.

मग मी तो प्रश्न विचारला जो मला सुचायला नको होता. पुढच्या वेळी काटा लागला तर? ती म्हणाली, "हे औषध आत्ता चाललं. पुढच्या वेळी हेही चालेलच, असं नाही."

 त्या वाक्यानंतर मला दुसरं काही ऐकू आलं नाही.

हात वाचला. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, आता तळ्यात उतरायचं नाही. तो म्हणाला, "पानी सोडून मी काय करू? निंबाखाली दादासंग बसू?" मी त्याला चांगली ओळखते. त्याला पाण्याबाहेर ठेवणं माझ्याच्याने होणार नव्हतं. म्हणजे पाणीच बदलायला हवं होतं. नवरा पाण्यात उतरणार असेल तर त्या पाण्यात औषधाला सरावलेले जंतू पोसायचे नाहीत, एवढं मी ठरवलं, आणि एकदा ठरवलं की मी फार त्रासदायक बाई आहे, हे माझ्या माहेरचेही सांगतील.

आमचं तळं रिकामं करून उन्हात तडकेपर्यंत वाळवलं. तळाचा काळा गाळ खरवडून काढला, चुना पसरला. तालुक्याला मासेवाल्यांचं एक शिबिर झालं तिथे जाऊन बसले आणि विचारून विचारून सांगणाऱ्याला भंडावलं. माशांचं बीज कमी सोडायचं, दाटी करायची नाही. कोंबडीचं खत तळ्यात टाकायचं नाही. खाद्य खातात तेवढंच. पंगस बंद. मधल्या पाइपात मी पोत्याचा बोळा आणि चिकणमाती ठासून भरली. पण बोळ्याने काय होणार होतं? बांध झिरपतो, जाळं दोन्ही तळ्यांत एकच, आणि मुख्य म्हणजे नवरा दोन्हीकडे उतरतो. वरच्या तळ्यात औषध पडत राहिलं तर माझी सगळी मेहनत वाया होती.

म्हणून मी जाऊबाईंकरवी भासऱ्यांना निरोप द्यायला लागले. टाकू नका. डॉक्टर असं असं म्हणाली. यावेळी हात वाचला, पुढच्या वेळी माणूसही जाईल. जाऊबाई माझं सगळं ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या, जायच्या. येऊन सांगायच्या, "त्याईनं आयकलं." आणि थोड्या दिवसांनी वरच्या बांधावर पुन्हा गुळाचा वास यायचा. भासऱ्यांचा मला इतका राग यायचा की चहात साखर घालताना हात आखडायचा. सख्ख्या भावाच्या हातापेक्षा ह्यांना मासे प्यारे, असं मी मनात म्हणायची.

दिवाळीनंतर थंडी पडायला लागली, मध्येच ढग आले, आणि माझ्या तळ्यात मासे पाण्यावर तोंड काढायला लागले. काहींच्या अंगावर लाल चट्टे. नवरा काठावर बसून बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "थोडंसं टाकू. चिमूटभर."

"चिमूटभरानंच झालं ना सारं," मी म्हणाले.

मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात उलटी होऊन तरंगायला लागली होती. पण हात मी पिवळ्या पुडीकडे नेला नाही. खाद्य बंद केलं. पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून पुन्हा तळ्यात पाडलं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. खालचं घाण पाणी उपसून कपाशीला दिलं, विहिरीचं ताजं पाणी भरलं. बेताने चुना. चट्टे पडलेला मासा दिसला की लगेच जाळीने काढून दूर खड्ड्यात. काही मेले. बरेच मेले म्हणा. मग ऊन पडलं, आणि मरणं हळूहळू कमी झालं.

त्याच ऊन पडलेल्या सकाळी जाऊबाई आल्या. वरच्या तळ्यातही चट्टे आले होते. भासऱ्यांनी या वेळी पुडीचा मोठा डबा आणला होता, खाद्य कालवून ठेवलं होतं आणि दुपारी टाकणार होते. मी म्हणाले, "मी इतक्यांदा सांगतलं ते त्याईले काईच वाटलं नाई का?"

 जाऊबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मी सांगतलं त्याईले, धाकटी म्हनते, थोडं कमी टाका."

"मी कवा म्हनलं कमी टाका?"

"आता मोठ्या मानसाले 'टाकू नका' असं कसं सांगू बाई? अन् मानूस जाईन, असं सकाळी सकाळी तोंडातून कसं काढू?"

 त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. माझ्या प्रत्येक निरोपाची धार त्यांनी वाटेत बोथट केली होती, आणि तेसुद्धा माझ्या चांगल्यासाठी, धाकटी सून उद्धट दिसू नये म्हणून. ज्या माणसावर मी इतके महिने दात खात होते, त्याला माझं म्हणणं कुणी सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला सांगावं, तर तो मोठ्या भावासमोर "हाव दादा" याखेरीज काही बोलत नाही. आणि तो तर कापसाच्या गाडीबरोबर वर्ध्याला गेला होता. दुपार व्हायला वेळ नव्हता. मी पदर डोक्यावर घेतला आणि वरच्या बांधाकडे निघाले. जाऊबाई मागून येत राहिल्या, "बाई, थांब, बाई, मी बोलतो" म्हणत.

भासरे काठावर घमेलं घेऊन उभे होते. घमेल्यात गुळाने चिकट झालेलं खाद्य, त्यावर माश्या. माझी चाहूल लागताच त्यांनी रीतीप्रमाणे पाठ फिरवली आणि बांधावरच्या बाभळीला म्हणाले, "कोनी आलं वाटते."

"मी आली, भाऊजी," मी म्हणाले. "तुमच्याशीच बोलाले आली."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मागे जाऊबाईंच्या बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत. भासरे हलले नाहीत. मी थांबले असते तर पुन्हा सुरू करू शकले नसते, म्हणून मी थांबले नाही.

"ते खाद्य टाकू नका. कमी बी टाकू नका. तुमच्या भावाचा हात वाचला तो एका औषधावर वाचला, बाकीचे लागलेच नाई. पुढच्या टायमाले ते बी लागन का नाई, हे डॉक्टरले सांगता येत नाई. तो तुमच्या तळ्यात उतरते, माह्या तळ्यात उतरते. त्याले बाहेर ठेवनं मले जमत नाई, तुमाले बी जमनार नाई. त्याले काई झालं तर मी कोनाकडे पाहू?"

 

 ते बाभळीलाच म्हणाले, "इथं मासे मरून राह्यले. सारे मेले तर कोन भरून देते? बाभूळ देते का?"

"मी देईन," मी म्हणाले. "तुमचे मेले तर माह्या तळ्यातला अर्धा माल तुमचा. चांगला वाला अर्धा."

हे मी घरून ठरवून आले नव्हते. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर मला कळलं की मला तेच म्हणायचं होतं. मी पुढे म्हणाले, "एकानं औषध मारलं म्हनून दुसऱ्यानं मारायचं, हे आपन जिंदगीभर केलं भाऊजी. अळी मेली का?"

बोंडअळीच्या त्या वर्षी सगळं वावर पायी फिरून एकेक बोंड फोडून पाहणारा माणूस होता तो. बोंड फोडायचं, आत बघायचं, खाली टाकायचं. घरी येऊन जेवले नव्हते त्या दिवशी. त्यांनी घमेलं खाली ठेवलं. मग वळले, माझ्याकडे बघितलं आणि मला विचारलं, बाभळीला नाही:

"चुना कवा टाका लागते?"

मी सांगितलं. आधी पाणी बदला, मग चुना, आणि खाद्य एकदम बंद. पंप तर आमचा आहेच, घेऊन जा. त्यांनी आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं. कालवलेलं खाद्य कोंबड्यांना घालतो म्हणाले, त्याला मी नाही म्हणाले. नाल्यात टाकतो, त्यालाही नाही. शेवटी पुटपुटत विहिरीपासून दूर त्यांनी खड्डा खणला आणि ते सगळं चुन्यासकट गाडलं. एवढे नकार ऐकायची त्यांना सवय नव्हती. संध्याकाळी नवरा आल्यावर मी त्याला अर्ध्या मालाचं सांगितलं. त्याने आधी विचारलं, "दादासंग बोलली तू?" माल त्याला नंतर आठवला.

भासऱ्यांचं तळं माझ्याइतकं सावरलं नाही. त्यांच्याकडे दाटी फार, गाळ जुना. मासे बरेच गेले. उन्हाळ्यात आमचे मासे काढले तेव्हा मी शब्द दिल्याप्रमाणे अर्धा माल निवडला, मोठे कतला वरती रचले आणि त्यांच्याकडे पाठवला. मला वाटलं होतं, ते म्हणतील राहू द्या. किमान थोडे तरी परत पाठवतील. त्यांनी सगळे घेतले. बर्फ लावून, व्यवस्थित, एक मासा न सोडता. मी त्या दिवशी भांडी जरा जोरातच घासली. नवरा ओट्यावर बसून हसत होता. म्हणाला, "शब्द तूच देल्ला न बापा. आता भांड्याईवर काऊन राग?" त्याला हसताना पाहून माझाही राग फार वेळ टिकला नाही. दोन्ही तळ्यांत तो वर्षभर उतरला होता.

त्या उन्हाळ्यात दोन्ही तळी आम्ही एकाच वेळी वाळवली. भासरे आता मला चहासुद्धा थेट मागतात, आणि अर्ध्या कपाऐवजी पूर्ण. जाऊबाईंना याचं थोडं वाईट वाटतं असा मला संशय आहे. मधलं बोलणं त्यांच्या हातून गेलं.

पण नाल्यापलीकडे आणखी एक तळं आहे. ते आमच्या नात्यातलं नाही. तो माणूस तीच पिवळी पूड टाकतो, त्याच्या तळ्याचं उपसलेलं पाणी नाल्यात येतं, आणि तळी भरायला विहीर पुरत नाही तेव्हा आम्ही नाल्यातूनच पाणी उचलतो. मी भासऱ्यांना हे सांगितलं आणि आता काय करायचं याचा विचार करत होते. आमच्या घरात निदान रीत मोडता आली. परक्या माणसाला काय सांगणार?

भासऱ्यांनी टोपी घातली आणि निघाले. मी आणि जाऊबाई मागे गेलो, नाल्याच्या अलीकडे थांबलो. तो माणूस त्याच्या काठावर खाद्य कालवत होता. भासऱ्यांनी त्याला सगळं सांगितलं, मी सांगितलं होतं त्याच क्रमाने, काही बोथट न करता. तो ऐकत होता आणि हात चालूच होता. मग त्याने विचारलं, "अन् माहे मासे मेले तर?"

"मेले तर माह्या तळ्यातला अर्धा माल तुहा," भासरे म्हणाले.

तो हसला. "असं कोनी देते का?"

भासऱ्यांनी मागे वळून माझ्याकडे हात केला. "मी घेतला हाय. इचार तिले."

त्याचा कालवणारा हात थांबला. नाल्यापलीकडून तो माझ्याकडे बघत राहिला, मी काय म्हणते याची वाट पाहत.

"थोडे मरतीन," मी म्हणाले. "पन अर्धा माल खरंच भेटते."